लंडनचा पाऊस आणि आपल्या पोराचा कोट

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची बॅग भरण्याचे काम आता आपल्याही घरांतून होऊ लागले आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासूनची. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्या मानाने अलीकडची. या दोन्हींच्या आधाराने अनुसूचित जाती व नवबौद्ध घरांतील मुले-मुली इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत पोहोचत आहेत. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यातही अशी बातमी आता विहारात पेढे वाटून सांगितली जाते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हमीपत्र यांची जुळवाजुळव करायला पालक माझ्यासारख्या कारकुनाकडे येतात, आणि कागद संपले की हळूच बॅगेचा विषय निघतो. कुकर न्यायचा का? मेतकूट किती दिवस टिकते? आणि शेवटी, जरा संकोचाने, कोट कसला घ्यायचा?

कोणीतरी सांगितलेले असते की लंडनला ‘ट्रेंच कोट’ लागतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका घरी बसलो होतो. वडील एस.टी.त, आई बचत गटाच्या खजिनदार. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराने मुलाला गुडघ्यापर्यंतचा खाकी कोट दाखवून अकरा हजार रुपये सांगितले होते. वर “हाच तिकडचा ओरिजनल” अशी ग्वाही. आई गटातून उचल घ्यायला तयार होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते, “कोट बरा नसला तर तिकडं पोराला हसतील, भाऊ.”

या वाक्यावर हसू नये. कपड्यावरून हसण्याची, नव्हे कपड्यावरून मारण्याची रीत आपल्या मागच्या पिढ्यांनी भोगली आहे. इंदूर भागातील बलाई समाजाने जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किनारीचे धोतर नेसू नये, असे फर्मान गावच्या सवर्णांनी काढले होते. १९२८ च्या जानेवारीत छापून आलेली ती बातमी बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवून ठेवली. त्याच्या आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या आयाबायांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरलेले दागिने टाका, असे सांगितले होते. आपल्या येसकराची ओळख म्हणजे हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. वेशीवर पावसात उभे राहायचे ते त्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, त्याबरोबर ते उभे राहणेही गेले. आणि आज वस्तीवस्तीत जो पुतळा आहे, त्याच्या अंगावर कोट आहे. तेव्हा आपल्या घरात कोट हा नुसता कपडा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण म्हणूनच तो पारखून घ्यावा. दुकानदार सांगेल त्या भावाने, डोळे दिपून घेऊ नये.

ट्रेंच म्हणजे खंदक. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात, खंदकांत उभ्या राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा कोट वापरला, म्हणून त्याला हे नाव पडले. तो सरकारी वाटपाचा नव्हता. अधिकाऱ्याने आपल्या खिशातून विकत घ्यायचा. साध्या शिपायाला तो घालण्याची परवानगीच नव्हती. त्याच्या वाट्याला लोकरीचा जड ओव्हरकोट, जो भिजला की अंगावर दगड ठेवल्यासारखा. हिंदुस्थानी पलटणी १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मार्सेल्स बंदरात उतरल्या, त्या तर उन्हाळी सुती खाकीवर. थंडी त्यांनी कशी काढली असेल याचा विचार करावा. नगरसारख्या लष्करी ठाण्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना खांद्यावरच्या पट्ट्या नव्या नाहीत. ट्रेंच कोटावरच्या पट्ट्याही हुद्द्याच्या खुणेसाठीच होत्या.

या कोटाचे खरे मोल कापडात आहे. त्याआधी पावसाचा कोट म्हणजे रबराचा. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबर घालून तो केला. पाणी आत येत नसे, पण घामही बाहेर जात नसे, आणि वास येई तो वेगळाच. पुढे बेसिंगस्टोक गावचे कापडवाले थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये गॅबर्डीन काढले. सूत विणण्याच्या आधीच जलरोधक करायचे आणि मग ते तिरक्या विणीत इतके दाट विणायचे की थेंब वरून घरंगळून जावा, पण वाफ मात्र बाहेर पडावी. तिकडच्या मेंढपाळांच्या लोकरीच्या तेलाने तुळतुळीत झालेल्या अंगरख्यांवरून त्यांना हे सुचले, असे सांगतात. ही गोष्ट मला पटते, कारण आपल्याकडे धनगराची घोंगडी हेच करते. लोकरीला मेंढीचे मूळचे तेल असते तोवर पावसाचे पाणी त्यावरून ओघळते. आपल्या आजोबांच्या खांद्यावरचे आणि लंडनच्या साहेबाच्या अंगावरचे गुपित एकाच जनावराचे.

युद्ध संपले, अधिकारी घरी आले आणि कोट शहरात फिरू लागला. बाबासाहेब १९२० साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले, त्या वेळी तिथल्या रस्त्यांवर तो रोजचा पावसाळी पोशाख होत चालला होता. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते १० किंग हेन्रीज रोड आपल्या राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. लंडनला जाणाऱ्या मुलाने पहिल्या महिन्यात एका रविवारी तिथे जावे. त्यांचे स्वतःचे कपडे पाहायचे असतील तर नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात ते जपून ठेवले आहेत. पोटाला चिमटा घेऊन शिकणारा माणूस कपड्यात टापटीप असू शकतो, हे त्यांच्या त्या काळातल्या छायाचित्रांतून कोणालाही दिसते.

पुढे सिनेमाने या कोटाला नको तेवढे वजन दिले. १९४२ च्या ‘कॅसाब्लँका’त हम्फ्री बोगार्टने तो घातला आणि तेव्हापासून प्रत्येक गुप्तहेराच्या अंगावर तोच. आपल्याकडची पोरे त्याला भुलतात ती तिथूनच.

आता पावसाचा हिशेब. वाणिज्य शाखेच्या माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, क्षमा असावी. लंडनला वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात पाचशे-साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे फरक फार नाही! पण आपला पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत धो धो कोसळतो आणि मग आकाशाकडे बघायला लावतो. तिकडचा पाऊस वर्षभरात शंभराच्या वर दिवसांना वाटलेला, झिमझिम, वाऱ्याबरोबर तिरका. आपल्या वळवाच्या पावसात ट्रेंच कोट दहा मिनिटांत हात टेकेल. लंडनच्या भुरभुरीत मात्र तो विद्यापीठापासून खोलीपर्यंत मुलाला कोरडा नेतो. हिवाळ्यातही तिथे दिवसा सात-आठ अंश असतात, आत लोकरीचा स्वेटर असला की काम भागते. हाच कोट घेऊन मुलगा शिकागोला किंवा कॅनडात गेला तर जानेवारीत गारठून जाईल. तिथे जाड भरीव जाकीटच लागते. म्हणून आधी गाव विचारा, मग कोट.

त्या अकरा हजारांच्या कोटाकडे वळू. मुलगा दुकानात नेऊन दाखवतो म्हणाला, तेव्हा मी पुण्याला कामासाठी जाणारच होतो, गेलो. आतल्या चिठ्ठीवर शंभर टक्के पॉलिएस्टर. ते काही पाप नाही, पण भाव सुती गॅबर्डीनचा सांगत होते. दुकानदाराच्या परवानगीने बाहीवर पाण्याचे दोन थेंब टाकले. थेंब मोत्यासारखा उभा राहायला हवा, इथे तो शोषला जाऊन डाग पसरला. पाठीवर खांद्यापासून खाली येणारी कापडाची झडप असते. वरून आलेले पाणी तिच्या कडेवरून बाहेर गळावे, पाठीला लागू नये, यासाठी ती खालून सुटी ठेवायची असते. या कोटात ती चारी बाजूंनी शिवून टाकलेली. उजव्या छातीवरचा पदरही तसाच नुसता दिखाऊ. मनगटावरचे पट्टे आवळले जात नव्हते, कारण बकल शोभेचे होते. हात वर केला की पाणी बाहीत शिरू नये म्हणून ते पट्टे असतात, शोभा ही नंतरची गोष्ट. पट्ट्याच्या कड्यांबद्दल दुकानदाराने हातबॉम्ब अडकवण्याची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक खूश होते म्हणून सगळेच सांगतात. अधिकारी त्यांत नकाशाची पिशवी वगैरे सामान अडकवत, हे जास्त संभवते.

ट्रेंच कोट निवडताना पहिली नजर खांद्यावर टाकावी. तो अंगावर एकटा घालून आरशात बघू नये; आत स्वेटर आणि त्यावर ब्लेझर चढवून मग घालावा, कारण तिकडे तो तसाच वापरायचा आहे. नंतर दोन्ही हात वर करावेत, एस.टी.त उभ्याने जाताना वरचा दांडा धरतो तसे. बाही कोपराकडे धावली किंवा पाठीत कापड ताणले तर कोट लहान आहे. मग खुर्चीवर बसून बघावे. बाही मनगट झाकून अंगठ्याच्या मुळापर्यंत आली पाहिजे, म्हणजे आतल्या शर्टाचा कफ भिजत नाही. लांबी गुडघ्याच्या आसपास. आपली मुले साडेपाच फुटांची, त्यांना पोटरीपर्यंतचा कोट आणखी बुटके दाखवतो. खांद्याची शिवण दोन प्रकारची असते. एक नेहमीच्या शर्टासारखी, दुसरी गळ्यापासून काखेकडे तिरकी गेलेली, तिला रॅग्लन म्हणतात. आत जाड कपडे घालायचे असतील तर रॅग्लन बरी, थोडे माप चुकले तरी निभावते.

खांदा चुकलेला कोट घेऊन आमच्या टेलरकडे येऊ नये. दोन अस्तरांमधला खांदा उसवून पुन्हा बसवणे म्हणजे नव्या कोटाची मजुरी, आणि तरी बिघडायचा. बटणे घट्ट करणे, काज पुन्हा विणणे, खालून दोन बोटे कमी करणे, ही कामे गावात छान होतात. बाही कमी करायची तर आधी मनगटाच्या पट्ट्याची जागा बघावी. तो पट्टा वर सरकवावा लागतो, हे शिकाऊ कारागिराच्या लक्षात येत नाही. कापडाची आत माया किती सोडली आहे तेही उलटून पाहावे. रंग म्हणाल तर खाकी हा मूळचा. पण रोज बसने जाणाऱ्याला गडद निळा सोयीचा, मळ कमी दिसतो. मुलींसाठी हेच सगळे लागू, फक्त बटणांची बाजू उलटी.

आता पैशाचे. या कोटाचे जे मूळ नामांकित इंग्लिश उत्पादक आहेत, त्यांच्या नव्या कोटाची किंमत लाखांत आहे. तो विचार सोडून द्यावा. मग राहतात दोन वाटा. इथून साधा, पण खऱ्या झडपांचा कोट घेणे, किंवा तिकडे गेल्यावर घेणे. माझे मत दुसऱ्या वाटेचे आहे. सप्टेंबरात तिथे उतरताच कोणी गारठत नाही. इथून आतले थर्मल कपडे, दोन चांगले स्वेटर आणि एक साधा रेनकोट द्यावा. पहिले काही आठवडे घरून नेलेल्या पैशांवरच काढायचे असतात, त्यांतले अकरा हजार पाथर्डीतच अडकवू नयेत. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा संस्थांची तिकडे गावोगाव दुकाने आहेत. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे तिथे विकतात आणि आलेला पैसा समाजकार्याला जातो. अस्सल सुती गॅबर्डीनचा जुना कोट तिथे नव्या पॉलिएस्टरच्या कोटाहून कमी पैशांत मिळू शकतो.

मी हे बोललो आणि त्या घरात एकदम शांतता झाली. मग आई म्हणाल्या, “उतरलेलं घालायचे दिवस गेले, भाऊ. सासऱ्यांनी मढ्यावरचं कापड घ्यायचं सोडलं ते परत घ्यायला का?”

याला घाईने उत्तर देणे बरे नाही. उतरलेला कपडा, प्रेतावरचे कापड हे आपल्या लोकांना हक्क म्हणून दिले जाई आणि तो ‘हक्क’ नाकारताना मार खावा लागला, बहिष्कार सोसावा लागला. आईंच्या मनात ते ताजे होते, आणि ते ताजे असणेच योग्य. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मी त्यांना सावकाश सांगितले. तिथे कोणी वरून टाकत नाही. मुलगा दाराने आत जाईल, दहा कोट घालून बघेल, नऊ नाकारेल, पैसे मोजेल, पावती घेईल. त्याच रांगेत त्याचा प्राध्यापकही जुनी पुस्तके घेऊन उभा असेल. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते, इथेच फरक पडतो. तरीही मन धजत नसेल तर नवा घ्यावा; जानेवारीत तिकडे सेल लागतात तेव्हा घ्यावा. या बाबतीत कोणाच्या मनावर जोर करू नये. त्यांचे यजमान इतका वेळ गप्प होते, ते एवढेच म्हणाले, “पावती मिळती ना? मग झालं.” गटाची उचल रद्द झाली.

अकरा हजारांच्या उचलीचा आणखी एक विचार करावा. हप्ता आई भरणार, कोट मुलगा घालणार, आणि परत आला की पाथर्डीच्या उन्हात तो खुंटीला लटकणार. नाहीतरी आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांवर नवरदेवाला थ्री-पीस घालून घामाच्या धारांत स्टेजवर उभे करण्याची हौस आहेच. त्या हौसेवर एकदा स्वतंत्र लिहायला हवे.

घालण्याची रीत सोपी आहे. गुंड्यांच्या दोन रांगा असल्या तरी पाऊस नसताना कोट उघडा ठेवला तर चालतो, तेव्हा पट्टा मागे सैल बांधून टाकावा, लोंबता ठेवू नये. बसच्या दारात अडकतो. पाऊस असेल तेव्हा सगळी बटणे लावून पट्टा कमरेवर गाठ मारून बांधावा. तिकडचे बरेच लोक बकलात न घालता नुसती गाठच मारतात. कॉलरखाली गळ्याचा छोटा पट्टा असतो, वारा सुटला की कॉलर वर करून तो लावावा. एरवी कॉलर वर करून फिरणे सिनेमावाल्यांना शोभते. खिशांत हात घालून, जड वस्तू कोंबून कोट हिंडवू नये, खिसे लोंबतात आणि मग चांगला कोटही पोत्यासारखा दिसतो. आत साधा शर्ट, पँट, पायांत पॉलिश केलेले बूट असले की पुरे. इंग्लंडमध्ये कोणी कोटाच्या पट्टीवरचे नाव वाचायला येत नाही, पण चिखलाचे बूट मात्र दिसतात.

भिजून आल्यावर कोट हीटरवर टाकू नये. रुंद खांद्याच्या हँगरवर, मोकळ्या हवेत वाळवावा. चिखल ओला असताना पुसू नये, वाळू द्यावा आणि मग मऊ ब्रशने झाडावा. धुलाई वारंवार नको. आतली चिठ्ठी वाचूनच धुवावा किंवा ड्रायक्लीनला द्यावा. दोन-तीन वर्षांनी थेंब उभा राहीनासा झाला की धुलाईवाल्याकडून पुन्हा जलरोधक करून घेता येतो. बऱ्याच कोटांना आतून लोकरीचे अस्तर चेनने लावलेले असते, उन्हाळ्यात ते काढून वेगळे ठेवावे. कसर लागते ती लोकरीला. मुलगा कोट घेऊन पाथर्डीला परतला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत टाकू नका, पावसाळ्यात बुरशी धरेल. जुन्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळावा, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि दिवाळीनंतर एकदा सावलीत वारा द्यावा. अस्तर त्याच्याशेजारीच ठेवावे, नाहीतर पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीची बॅग भरताना ते सापडत नाही.